तीन कमानींच्या पुलावरची खूण

सकाळची मिरज पॅसेंजर कोल्हापूर स्टेशनातून सुटली तेव्हा माझ्या डब्यात अकरा माणसे, दोन दुधाच्या किटल्या आणि कागदात गुंडाळलेली एक नवी सायकल होती. महिना फेब्रुवारीचा होता. नवे शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा होता, पण पिशवीत दोन दिवसांचे कपडे घेतले होते.

कोल्हापूर हे शेवटचे स्टेशन. इथे रूळ संपतात. कोकणात उतरायचे तर आजही मलकापूरवरून आंब्याच्या घाटाने रस्त्यानेच जावे लागते. पण मिरजेपासून इथवरचा फाटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. हे वाक्य कोल्हापूरचा माणूस कुठल्याही वादात तिसऱ्या मिनिटाला काढतो. मीही काढतो. त्याआधी गूळ, तंबाखू, शेंगा हे सगळे बैलगाडीने घाट उतरून बंदराला जात असे. गाडी आली आणि मालाने तोंड फिरवले. स्टेशनाशेजारी शाहूपुरीची पेठ वसली ती त्यामुळे.

समोरच्या बाकावर शाहूपुरीतले एक गूळ व्यापारी बसले होते. गळ्यात इष्टलिंग, हातात पेपर.

"कुठं निघाला?" त्यांनी विचारले.

"रुकडीला. पुढे ओढ्यावर एक पूल आहे, तो बघायला."

"पूल बघायला?" त्यांनी पेपर खाली केला. "तिकीट काढून?"

"हो."

"बरं हाय. आमी आयुष्यभर त्याच्यावरनं गेलो, खाली काय हाय कवा बघितलं न्हाय."

मला बोलावणे आले होते. चार दिवसांपूर्वी कार्यालयात फोन वाजला. पलीकडचा आवाज म्हातारा आणि मोठा होता. "पावणं, पेपरात जुन्या रस्त्यापुलांवर लिवतंय ते तुमीच न्हवं? मी धोंडीराम कांबळे. रेल्वेत चावीवाला हुतो. माझ्या पणज्याचा दगड हाय पुलात. सोमवारपासनं त्येच्यावर सिमिट मारनार हायेत. त्येच्या आदी या." चावीवाला म्हणजे रोज ठरावीक अंतर रुळावरून चालत जाणारा, सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवणारा कामगार. मी पुढचे विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

वळिवडे मागे पडले. पंचगंगेच्या पुलावर गाडी संथ झाली. पाणी हिरवट, स्थिर होते आणि काठावर म्हशी बसल्या होत्या. या मार्गावर मोठे पूल दोनच, हा पंचगंगेचा आणि मिरजेच्या अलीकडचा कृष्णेचा. बाकी ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि लहान पूल. लहान पुलांना नाव नसते, नंबर असतो.

रुकडीला उतरलो. स्टेशनाबाहेर चहाचा एक गाडा होता. मालकाचे नाव शिवाप्पा. साठीचा, धिप्पाड, कपाळाला भस्म. मी धोंडीराम कांबळ्यांचे घर विचारले.

"तात्याचं? दगडवाल्या तात्याचं?" तो हसला. "तुमालाबी बोलवलं व्हय? त्यानं कलेक्टरला लिवलं, रेल्वेला लिवलं. आता पेपरवाला."

"दगड खरा नाही का?"

"दगड खराच की. दगड खोटा कसा आसंल?" त्याने चहा गाळला. "त्येचा पणजा पुलाच्या कामावर हुता, तेबी खरं. पर पाट्या उचलायला हुता. माती वाहायला. त्या काळात त्यांच्या मान्साच्या हातात छिन्नी कोन देतंय? छिन्नी पाथरवटाची, वडाराची. ह्यो म्हनतो, न्हाय, माझ्या पणज्यानं दगड घडवला. आनी आमास्नी दाखवतो काय, तर पाखराचा पाय."

"पाखराचा पाय?"

"जावा, बघा. कळंल."

उसाच्या कडेने बैलगाडीची वाट होती. तासाभराची चाल. आदल्या दिवशी कुणीतरी उसाला पाणी पाजले होते आणि ते वाटेवर फुटले होते. काळ्या मातीत माझा डावा बूट रुतला आणि पाय मोकळा बाहेर आला. बूट काढायला दोन्ही हात लागले. वस्तीवर पोहोचलो तेव्हा मी एका पायात बूट आणि एका हातात बूट असा होतो.

"आला का पावणं!" अंगणातून आवाज आला. तात्या सत्तरीचे, वाळलेले, ताठ. खांद्यावर टॉवेल. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिले. "रेल्वेनं आलं आसतं तर एवढं झालं नसतं."

"रेल्वेनेच आलो. रेल्वे इथे थांबत नाही."

"थांबत न्हाय, तेबी खरं." ते मोकळेपणाने हसले.

त्यांच्या पत्नी सोनाबाई आतून पाण्याची कळशी घेऊन आल्या. वस्तीत त्यांना सगळे मावशी म्हणतात. मी पाय धुतले. घर दोन खोल्यांचे, पत्र्याचे. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो, खाली रेल्वेने निवृत्तीच्या वेळी दिलेले घड्याळ. ते चालू होते आणि बरोबर वेळ दाखवत होते.

पूल घरापासून पाच मिनिटांवर होता. तीन कमानी, दोन खांब. काळा पाषाण. मीटरगेज गेले, ब्रॉडगेज आले, वरचे रूळ बदलले, खालचे दगड तेच राहिले. ओढ्यात घोट्याएवढे पाणी होते. दुसऱ्या खांबाशेजारी वाळूचा ढीग आणि सिमेंटच्या पोत्यांची थप्पी आधीच येऊन पडली होती.

तात्यांनी मला खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला नेले. खालून चौथा थर. कमरेच्या उंचीवर एक दगड होता. त्यावर वीतभर आडवी रेघ कोरलेली, आणि खालून तीन रेघा येऊन तिच्या मध्याला भिडलेल्या. पक्ष्याचे पाऊल वाटावे अशी.

"ह्यो सटवाचा दगड," तात्या म्हणाले. "माझा पणजा. परत्येक घडवनाऱ्याची खूण आसायची. ते बघा, चांदकोर. ती फुली. ही आमची."

खरोखरच इतर दगडांवर खुणा होत्या. अर्धी चंद्रकोर, फुली, दोन ठिपके. जुन्या बांधकामात अशा खुणा असतात. कुठला दगड कुणाच्या हातचा, ते मुकादमाला कळावे म्हणून.

"दर दसऱ्याला आमी येतो आनी ह्येला आंघोळ घालतो," तात्यांनी सांगितले. "आजा कुकू लावायचा, नारळ फोडायचा. मग छप्पनला धम्म घेतला. माझ्या आबानं, म्हंजे बापानं, नारळ बंद केला, कुकू बंद केलं. म्हनला, देव सोडलाय, आजा न्हाय सोडला. पान्यानं धुवायचं, हात जोडायचं, घरी यायचं. घरातली समदी बाप्येमानसं येतात. माझी पोरं पुण्याला हायेत, त्या दिवशी तीबी येतात."

त्यांनी वाकून ओंजळीने दगडावर पाणी मारले. ओला झाल्यावर तो निळसर काळा दिसू लागला.

मी वही काढली आणि खुणा मोजल्या. ही सवय आहे. दोन्ही खांबांवर हाताला लागतील त्या दगडांत चंद्रकोर चौदा वेळा, फुली नऊ वेळा, दोन ठिपके सहा वेळा. पाखराचा पाय एकदाच.

"तात्या, पणजोबांनी एकच दगड घडवला?"

"लई घडवलं. बाकीचं वरच्या थरात आसतील. न्हायतर गाळात."

मी वही मिटली. आडवी रेघ आणि खाली तीन रेघा ही आकृती मी आधी पाहिली होती. कोल्हापुरात जुन्या कचेरीच्या पायरीवर तशी एक आहे. ती घडवणाऱ्याची खूण नसते. सर्वेक्षण करणारे सरकारी मोजणीदार समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवायला ती कोरत. पातळीची खूण. पण एका पायरीच्या आठवणीवर एखाद्याच्या पणजोबाला खोडणे योग्य नव्हते. आधी कागद बघायला हवा होता.

दुपारी मावशींनी जेवायला वाढले. ज्वारीची भाकरी, पिठले, कांदा आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). खर्डा नुकता वाटलेला होता. दोन घासांनंतर माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"जास्त झाला का?" मावशींनी विचारले.

"नाही, चांगला आहे."

"रडत चांगला म्हनतोय, बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

जेवताना तात्यांनी रेल्वेकडून आलेले उत्तर दाखवले. पुलाच्या दगडांतले सांधे झिजले आहेत, खांबांना सिमेंटचा थर देणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, दगडांवरील खुणा जपण्याची तरतूद नाही. पत्र सभ्य होते. त्यात चुकीचेही काही नव्हते.

"पूल पडावा आसं माझं म्हननं न्हाय," तात्या म्हणाले. "छत्तीस वर्सं मी त्यो रूळ राखलाय. कराच दुरुस्ती. पर त्यो एक दगड उगडा ठेवा. शिवाप्पा हसतोय, गाव हसतंय. आज निदान दाखवायला तरी काय तरी हाय. सोमवारनंतर काय दाखवू? सिमिट?"

तो शुक्रवार होता.

हातकणंगल्यापर्यंत मला एका ट्रॅक्टरने सोडले. तिथून दुपारच्या गाडीने मिरजेला गेलो. वाटेत जयसिंगपूरला खिडकीतून भडंग (तिखट मसाल्याचे चुरमुरे) घेतले. मग कृष्णेचा पूल आला. लोखंडी तुळयांच्या सावल्या डब्यातून एकामागून एक सरकत गेल्या. एका शतकापूर्वी याच वाटेने पहिले इंजिन कोल्हापूरकडे आले असेल तेव्हा काठावरच्या लोकांनी काय पाहिले असेल, याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. राजाने काय म्हटले, साहेबांनी काय म्हटले, ते सापडते.

मिरजेला पुलांच्या देखभालीचे काम होसमनी नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होते. मूळचे बेळगावकडचे. मराठी स्वच्छ, मधूनच कानडी शब्द. मी वहीतली आकृती दाखवली. त्यांनी एकदा पाहिली आणि उठून कपाट उघडले.

"ही तर पातळीची खूण," ते म्हणाले. कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. घड्यांवर तो विरला होता. कडेला अशा खुणांची यादी होती. त्यात आमचा पूल होता, नंबराने. दुसरा खांब, चौथा थर.

"म्हणजे हा कुणाच्या नावाचा दगड नाही?"

"खूण सरकारची आहे. दगड कुणी घडवला ते यात कुठून असणार?" त्यांनी यादीवर बोट ठेवले आणि मग जरा थांबले. "पण एक अडचण झाली. ही खूण झाकता येत नाही."

"का?"

"पुलाची उंची, पाण्याची उंची, सगळी मापं तिच्यापासून घेतात. झाकायची असेल तर आधी दुसरी खूण करावी लागते, त्याला वरून परवानगी लागते. कंत्राटदाराला दिलेल्या नकाशात ही दाखवायची राहून गेलीये. बरं झालं तुम्ही आलात. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन मोजतो आणि तेवढा चौकोन मोकळा सोडायला सांगतो."

अशी ही बातमी होती. तात्यांचा दगड वाचणार होता, पण तो तात्यांचा नव्हता म्हणून.

रात्री मिरजेच्या लॉजवर राहिलो. सांगायचे कसे, याचा विचार केला. बातमीत वाईट भाग आधी लिहितात. तेच ठरवले.

शनिवारी सकाळी होसमनींबरोबर हातकणंगल्याहून ट्रॉलीने निघालो. ट्रॉली म्हणजे रुळावर चालणारे चार चाकांचे बाकडे. दोन कामगार रुळावरून धावत ते ढकलतात आणि वेग आला की मागे उडी मारून बसतात. उघड्यावरची ही बैठक कुठल्याही पहिल्या वर्गापेक्षा चांगली. दोन्ही बाजूंना ऊस, समोर सरळ रूळ, लांबवर एखादे गुऱ्हाळ धूर सोडणारे आणि त्याचा गोड करपट वास. मध्येच मागून गाडीची वेळ झाली. कामगारांनी ट्रॉली उचलून बाजूला ठेवली. आम्ही खडीत उभे राहिलो. पॅसेंजर गेली. ट्रॉली पुन्हा रुळावर आली. हे सगळे दोन मिनिटांत, न बोलता झाले.

पुलावर माणसे जमली होती. ट्रॉलीतून साहेब येणार हे कसे कोण जाणे पसरले होते. शिवाप्पा गाडा बंद करून आला होता. तात्या धुवट शर्ट घालून उभे होते. त्यांच्यामागे पदर खोचून मावशी. त्या आयुष्यात पहिल्यांदा पुलाखाली आल्या होत्या. दगड धुवायला पुरुषच जात. सून म्हणून आल्यापासून त्यांनी या खुणेबद्दल फक्त ऐकले होते.

"सोमवारी झाकनार म्हटल्यावर आले," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, बघून तरी घ्यावं, कशासाटी माझी दसऱ्याची पुरनपोळी दर साली गार हुती ते."

मी तात्यांना बाजूला घेतले आणि सांगितले. खूण घडवणाऱ्याची नाही. सरकारी मोजणीची आहे. कागद मी पाहिला आहे. होसमनींनी नकाशा उलगडून दाखवला. तात्यांनी चष्मा लावला, यादीवर बोट फिरवले. नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी चष्मा काढला.



"म्हंजे," तात्या म्हणाले, "शंबर वर्सं आमी सरकारला आंघोळ घातली?"

"घातली तर घातली," मावशी मागून म्हणाल्या. "सरकारनं कवा आमास्नी घातली?"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. शिवाप्पाने तोंड उघडले. "मी म्हनलोच हुतो की, छिन्नी..."

"शिवाप्पा, गप ऱ्हा," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता.

होसमनी तोवर दुर्बिणीचे तीन पायांचे तिकाटणे मांडून कामाला लागले होते. त्यांनी दुर्बिणीतून खुणेशी उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचला, वहीतला जुना आकडा पाहिला, पुन्हा दुर्बिणीत पाहिले. "अज्जा (आजोबा), एक ऐका," ते म्हणाले. "जुन्या नोंदीत आणि आज, सूतभरही फरक नाही. एवढे पूर आले, गाड्या जड झाल्या. दगड जागचा हललेला नाही. अशी खूण कोरताना कामातला सगळ्यात नीट बसलेला दगड निवडतात. कुठल्याही दगडावर कोरत नाहीत."

"नीट बसलेला आसंल," तात्या म्हणाले. "पर कुनी बशिवला?"

होसमनींनी नकाशाची घडी घातली. ते दगडाजवळ वाकले आणि कडेवर बोट फिरवत म्हणाले, "घडाई मात्र वेगळी आहे. याच्या काठाला पट्टी आहे, तिच्यातल्या रेघा उलट्या कललेल्या. शेजारच्या दगडांवर सुलट आहेत."

मी पाहिले. दगडाच्या चारी कडांना दोन बोटे रुंद पट्टी होती, तीत बारीक तिरप्या रेघा आणि मधल्या भागात ठिपक्यांसारखे घाव. बहुतेक दगडांवर रेघा एका बाजूला कलत होत्या. या दगडावर विरुद्ध बाजूला. चंद्रकोर, फुली नसलेल्या आणखी काही दगडांवर तशाच विरुद्ध.

मावशी पुढे आल्या. पाण्यात पाय टाकून त्या थेट खांबापाशी गेल्या. त्यांनी खुणेकडे पाहिलेही नाही. पट्टीवर अंगठा ठेवला आणि कडेने फिरवत नेला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "ह्यो तर आमचा पाटा हाय."

"काय?" तात्यांनी विचारले.

"आवो पाटा! घरातला. मी काल ज्याच्यावर खर्डा वाटला त्यो. जावा, कुनीतरी घिऊन या."

दोघे तरुण धावत गेले. पाटा जड होता, दोघांनी धरून आणला. ओढ्याच्या काठावर ठेवून त्यावर पाणी ओतले. चारी कडांना दोन बोटे रुंद पट्टी. पट्टीत बारीक तिरप्या रेघा. मध्ये घाव. रेघा उलट्या बाजूला कललेल्या.

पाटा झिजला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने पुन्हा घाव घालून खरखरीत करावे लागते. हे काम मावशी स्वतः करतात. सासूने शिकवले. सासूला तिच्या सासऱ्याने, म्हणजे तात्यांच्या आजोबांनी. आजोबांना सटवाने. घरातले पुरुष रेल्वेत हातोडा-पान्यावर गेले आणि सटवाची छिन्नी बायकांकडे राहिली. ती घरात अजून आहे. झिजून बोटाएवढी झाली आहे.

"पाट्याला काठ कोण काढतं?" होसमनींनी विचारले. "वाटायला काठाचा काही उपयोग नाही."

"उपेग न्हायच. समद्या वस्तीच्या बाया हसत्यात. म्हनत्यात, सोना, पाटा हाय का लुगडं? पर सासू म्हनायची, आमच्यात काठ काढल्याबिगर दगड पुरा हुत न्हाय. आनी छिन्नी डाव्या हातात धरायची न् हातोडी उजव्यात, आसं समदं करत्यात न्हवं? आमच्यात उलटं. मी डावरी न्हाय. तरीबी सासूनं तसंच शिकवलं. बोटं किती येळा फोडून घेतली म्हायती हाय?"

"सटवा डावखुरा हुता," तात्या सावकाश म्हणाले. "त्ये आबा सांगायचा. भाकरीबी डाव्या हातानं खायचा म्हून मार खाल्ला हुता म्हनं."

शिवाप्पा पाट्याशेजारी उकिडवा बसला होता. त्यानेही अंगठा फिरवला.

"आमच्या जात्यालाबी काठ हाय," तो म्हणाला. खरे तर पुटपुटला.

"आसंलच की," मावशी म्हणाल्या. "माझ्या सासूनंच टाकी लावलीया. तुझी आई जातं परड्यात आनून ठेवायची. सासू टाकी लावायची. मग तुझी आई वरनं दोन घागरी पानी वतायची आनी आत न्यायची. इटाळ जावा म्हून."

शिवाप्पाने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो उठला आणि तात्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "तात्या," तो म्हणाला, "छिन्नी हुती मर्दा. मी चुकलो."

"एवढ्या मान्सात म्हनलास, बास," तात्या म्हणाले.

मी दोन्ही खांबांवरचे उलट्या रेघांचे दगड मोजले. हाताच्या अंतरात अकरा. सरकारी खूण सोडली तर त्या अकरांवर कसलीही खूण नव्हती. मुकादमाला लागलीच नसेल. रेघ बघितली की कळत असेल.

होसमनींनी रजिस्टर उघडून नोंद केली: दुसऱ्या खांबावरील पातळीची खूण मोकळी ठेवावी, चौकोन हातभर. त्यांनी ती वाचून दाखवली. तात्या जवळ गेले.

"ह्येच्यात, दगड कुनी घडवला, आसा रकाना हाय का?"

"नाही, अज्जा. असा रकाना कधीच नव्हता."

"म्हंजे रकाना न्हवता म्हून नाव न्हाय," तात्या म्हणाले. "मानूस न्हवता म्हून न्हवं."

होसमनींनी मान हलवली. मग पेनाचे टोपण पुन्हा काढले आणि शेरा लिहायच्या जागेत, बारीक अक्षरात, एक ओळ वाढवली. काय लिहिले ते त्यांनी वाचून दाखवले नाही. तात्यांनी चष्मा लावून स्वतः वाचले आणि रजिस्टर मावशींच्या हातात दिले. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी त्या ओळीवर अंगठा फिरवला, पाट्यावर फिरवला तसा, आणि परत केले.

दुपारी हातकणंगल्याहून परतीची गाडी धरली. डबा भरलेला होता. कोल्हापूरच्या बाजाराला निघालेली माणसे, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेले एक कुटुंब. पूल आला. चाकांचा आवाज बदलला आणि सात सेकंदांत पुन्हा पूर्वीसारखा झाला. खिडकीतून फक्त ओढा दिसतो. खांब दिसत नाहीत.

कोल्हापूरकरांना या रेल्वेचा अभिमान आहे आणि तो योग्य आहे. एका लहान संस्थानाने त्या काळात स्वतःच्या हिमतीवर रूळ आणले. पण आम्ही तो अभिमान आजवर वरच्या वर सांगत आलो. कुणी परवानगी दिली, कुणी पैसा दिला, कुणी पहिली कुदळ मारली. रुळाखालचे दगड हातांनी घडवले, आणि त्यातला एखादा हात डावा होता, ही गोष्ट आमच्या अभिमानात नव्हती. ती आता आहे.

संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरी न जाता थेट कार्यालयात गेलो आणि बातमी लिहिली. पहिले वाक्य असे होते: "रुकडी-हातकणंगले दरम्यानच्या रेल्वे पुलातील किमान अकरा दगड सटवा कांबळे या कारागिराने घडवले आहेत."

संपादकांनी ते दोनदा वाचले.

"'असे कुटुंबीय सांगतात' हे राहिलं का?"

"राहिलं नाही. लिहिलं नाही."

"पुरावा?"

मी म्हटले, सकाळच्या पॅसेंजरने जाऊन या, कांबळ्यांकडे जेवा, आणि जेवणानंतर पाटा बघायला मागा.